परकी गाय

पुरात मनकर्णाबाईंची गाय वाहून गेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कपाशीत वरच्या गावाकडून वाहत आलेली कुणाचीतरी मेलेली गाय सापडली. मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडून खड्डा खणून घेतला, हळदकुंकू वाहिलं आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यासकट तिला माती दिली.

"आपलीलाबी खाली कुणीतरी असंच पुरलं असंल," त्या म्हणाल्या.

आठवड्यानं तलाठी पंचनाम्याला आले. "मेलेली गाय नाय, तर निदान तिच्या कानातला बिल्ला दाखवा. त्याशिवाय सरकारी मदत मिळत नाय."

ते गेल्यावर मनकर्णाबाई किती तरी वेळ कपाशीतल्या त्या ओल्या मातीकडं बघत राहिल्या.



"अहो, फावडं घ्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वरच्या गावातबी तलाठी बिल्ला मागत असतील."