मशीनचा डॉक्टर

आकडा पुन्हा ब्याऐंशीवर आला आणि मशीन ओरडायला लागलं. काचेच्या पेटीत राजेश्रीची सहा दिवसांची लेक शांत झोपली होती. गुलाबी दिसत होती. पण पायाला गुंडाळलेली पट्टी सकाळपासून ऑक्सिजन कमी दाखवत होती.

"अर्धा तास बघू, नाहीतर नांदेडला हलवू," डॉक्टर म्हणाले. "आधी बायोमेडिकलला बोलवा."

सासूबाई, चांगुणाबाई, वॉर्डाच्या दारातून डोकावल्या. "बायो... त्ये काय आसतं गं? आजून मोठा डॉक्टर?"

"मशीनचा डॉक्टर, आत्याबाई."

"मंग मशीनच आजारी निघू दे, माय."

राजेश्रीनेही मनात तेच मागितलं.

बायोमेडिकलचा महारुद्र आला तो खिशात पेचकस खोचूनच. त्याने पट्टी सोडवून स्वतःच्या बोटाला लावली. अठ्ठ्याण्णव. पुन्हा बाळाच्या पायाला लावली. ब्याऐंशी.

"मशीन ठणठणीत आहे, ताई."

राजेश्रीने पेटीतल्या लेकीकडे पाहिलं. मशीन ठणठणीत, म्हणजे...

महारुद्र मात्र गेला नाही. त्याने पट्टी परत सोडवली, आतून निरखली आणि बाळाचा पाय उलटा केला. इवल्याशा तळव्यावर काजळाचा जाड ठिपका होता.

"या पट्टीचा उजेड पायातून आरपार जातो, तेव्हा आकडा कळतो," तो म्हणाला. "काजळातून कसा जाईल?"

सिस्टरने ओल्या कापसाने तळवा पुसला. आकडा चढू लागला. नव्वद. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव.

सिस्टर दाराकडे वळली. "आजी, तुमचंच ना हे काम? दृष्ट लागती म्हणून? लेकराला नांदेडला पाठवायलो होतो आम्ही!"

राजेश्रीने तोंड उघडलं.

"मीच, बाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "अडाणी हाय मी. चुकले."

मग त्यांनी खाली मान घालून सगळं बोलणं ऐकून घेतलं. महारुद्र निघाला तेव्हा राजेश्रीने त्याला हात जोडले. डोळे पुसत ती बाहेर आली आणि सासूच्या पायाशीच वाकली.

"आत्याबाई, काजळ मी लावलं होतं."

"ठावं हाय की," चांगुणाबाईंनी तिला उठवलं. "मला कुटं आत सोडलंय आजून?"