पुण्याला कळवू नका

दोन जखमी जवानांना गोळीबारातून ओढत बाहेर काढताना मेजर वरदच्या खांद्यात गोळी घुसली. शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यांदा एवढंच बोलला, “पुण्याला कळवू नका. आई एकटी असते.” मग हातात फोन धरवेना तरी आवाज हसरा ठेवून त्याने स्वतःच आईला फोन केला. “अगं, मला सध्या स्टोअरमध्ये टाकलंय. दिवसभर ब्लँकेटं मोजतो आणि ढाराढूर झोपतो.”

पुढे त्याला शौर्यचक्र जाहीर झालं आणि टीव्हीवर सगळी हकीकत आली. अतिरेक्यांसमोर न डगमगलेल्या मेजरला येरवड्याच्या घरी फोन लावताना मात्र घाम फुटला.

“आई, रागावलीस ना? खोटं बोललो मी. तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून.”

पलीकडे हेमाताईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाल्या, “रागावू कुठल्या तोंडाने? मी तेव्हा तुला मैत्रिणींबरोबर कोकणात फिरतेय म्हणाले होते.

“अरे, मीही हॉस्पिटलमधूनच बोलत होते. आदल्याच आठवड्यात माझी बायपास झाली होती.”