नंबर देणारे

"सर, पण देशांना हे नंबर देतं कोण?"

मैत्रिणींनी पाणीपुरीच्या पैजेवर विचारायला लावलेला प्रश्न दहावीतल्या शलाकाने उभं राहून खणखणीत आवाजात विचारला. पडद्यावर जगातल्या शक्तिशाली देशांची क्रमवारी झळकत होती. सभागृहात खसखस पिकली. व्याख्यानाला आलेले निवृत्त राजदूत मात्र गंभीर होते.

"सैन्य मोजता येतं, बाळ. प्रभाव कसा मोजणार? मग आमच्यासारख्यांना विचारतात, कुठला देश वजनदार वाटतो. जिथे मी कधी पाऊलही टाकलं नाही, त्या देशांनाही मी घरबसल्या मार्क दिलेत."

शलाका मटकन खाली बसली. ही क्रमवारी तिने देववाक्यासारखी पाठ केली होती. "पाणीपुरी जिंकलीस," मैत्रीण कुजबुजली. तिला ऐकूच आलं नाही.

घरी अकरावीचा वाद कालच्यासारखाच सुरू झाला. "एवढी हुशार पोरगी आणि आर्ट्स?" बाबा म्हणाले. "सायन्स एक नंबर, आर्ट्स शेवटचा. कुणालाही विचार."

"ज्यांना विचारायचं, त्यांच्यातलं आर्ट्सच्या वर्गात कोण बसलंय, बाबा?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने आमटीकडे.

"मग मीच बसून बघते. आईबाबा, मी आर्ट्स घेतेय."