पाच सेकंदांची मुदत

"पाल्हाळाचा जमाना संपला!" वज्दीने महदियाच्या बंदर-कचेरीत जाहीर केलं. मग सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये दीपगृहाचा पत्ता भरून त्याने सॉकेटला, म्हणजे संदेश आणणाऱ्या जोडणीला, अट घातली: पाच सेकंदांत संदेश पूर्ण आला नाही, तर जोडणी तोडायची.

त्याच संध्याकाळी वादळ उठलं. वज्दीचा भाऊ होडी घेऊन समुद्रात, आणि दीपगृहावरच्या हादीचाचांची जोडणी लागते न लागते तोच तुटायची.

"चाचा काहीतरी भयंकर सांगतायत गं," वज्दी पांढराफटक पडला.

"मग मुदत वाढव ना, दीडशहाण्या! म्हाताऱ्याला श्वास तरी घेऊ दे," शेजारच्या टेबलावरची रीम खेकसली.

त्याने मुदत दहा मिनिटांवर नेली. अखेर हादीचाचांचा संदेश पूर्ण आला:



"सलाम, बाळा. तब्येत बरी? आई बऱ्या? मामांचा गुडघा? बकरी व्याली का? होड्या केव्हाच परतल्या, तुझा भाऊ इथंच चहा पितोय. साखर संपलीय, तेवढी पाठव."