बंपरवरचा फोटो

"माझ्याच तोंडाला भोक पाडलंस व्हय रे, मिस्त्री?"

दादासाहेब शर्यतीच्या गाडीपुढं उकिडवे बसले होते. बंपरच्या दोन्ही टोकांना त्यांचा हसरा फोटो होता, वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचाच. मी त्यात भोकं कापून मागून पाइप चाकांपर्यंत नेले होते. शर्यतीत ब्रेक तापून लाल होतात, त्यांना गार राहायला समोरचा वारा लागतो. गाडी चालवणाऱ्या शार्दूलनंच, त्यांच्या थोरल्यानं, हे मागितलं होतं.

"वारा दुसरीकडनं घे," म्हणत दादासाहेबांनी भोकांवर नवे स्टिकर स्वतः चिकटवले. सुरकुती राहू नये म्हणून तळव्यानं दोनदा चोळले. शार्दूल माझ्याकडं बघून कसनुसा हसला. बापापुढं तो कधी बोलला नाही. मी कटर पेटीत टाकला.

नवव्या फेरीत, वळणाच्या तोंडाशी, त्यानं ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. भिंतीतनं गाडी ओढून काढायला तासभर लागला.

तीन महिन्यांनी धाकट्यासाठी नवी गाडी आली. "ते वाऱ्याचे पाइप बसवा हं," तो हळूच म्हणाला. मी कटर घेऊन वाकलो.

"थांब." दादासाहेबांच्या हातात स्टिकर होते. शार्दूलचा हसरा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यांचे डोळे भरून आले होते. "माझ्या लेकराच्या तोंडाला भोक पाडलंस, तर हात तोडीन."

मी कटर खाली ठेवला. स्टिकर लावले. सुरकुती राहू नये म्हणून तळव्यानं दोनदा चोळले.