खाली काही जोडू नका

"खाली काही जोडू नका," निखिल म्हणाला.

ज्योतिबानं पान्हा खाली ठेवला. समोर बाकड्यावर जुन्या डुक्कर फियाटचं स्टिअरिंग आडवं पडलं होतं. चक्र, लोखंडी नळी, तिच्या आतला दांडा आणि बाजूला लोंबकळणारी गिअरची दांडी. तुर्भ्याच्या त्याच्या गॅरेजात लोक गाडी घेऊन यायचे. हा इस्त्रीच्या शर्टातला, पस्तिशीचा माणूस रिक्षातून नुसतं स्टिअरिंग घेऊन आला होता.

"आन् मग चाकं कशी वळायची, साहेब?"

"वळायला नकोत. पण चक्र आता ढिलं झालंय; फिरवताना हाताला पहिल्यासारखं जड लागलं पाहिजे. गिअर टाकला की खट् आवाज आला पाहिजे. चालवणाऱ्याला फरक कळता कामा नये."

"चालवनार कोन?"

निखिलनं कमरेच्या पेजरकडे उगाच पाहिलं. "वडील."

ज्योतिबानं दांड्याचं खालचं मोकळं टोक बघितलं. "गाडी हितं आना की. बसवूनच देतो."

"नको, मी बसवेन. आणि अप्पा कधी चौकशी करत आले, तर मी तुमच्याकडे आलोच नव्हतो. काय?"

काम नाकारावं असं ज्योतिबाच्या मनात आलं. पण हा दुसऱ्या गॅरेजात गेला असता, आणि म्हाताऱ्याचं काय झालं ते कुणाला कळलंही नसतं. म्हणून त्यानं काम घेतलं. झिजलेले बुश बदलले, नळीत ग्रीस भरलं, गिअरच्या दांडीला नवी स्प्रिंग घातली. खालचं टोक मोकळंच ठेवलं. असलं चक्र हातात घेऊन म्हातारा ठाणे-बेलापूर रोडला लागला तर? पहिल्याच वळणाला ट्रकखाली. आणि लोक म्हणणार, जुनी गाडी, म्हातारा माणूस, व्हायचंच.

न्यायला आला तेव्हा निखिल भलताच खुशीत होता. पुन्हापुन्हा गिअर टाकून बघितला. "आता त्यांना संशय यायचा नाही," म्हणाला.

त्याची रिक्षा निघाली तशी ज्योतिबानं स्कूटर काढली आणि मागं मागं जुईनगरपर्यंत गेला. निखिल तळमजल्याच्या घरात शिरला. बिल्डिंगखाली फियाट कुठं दिसली नाही. लपवून ठेवली असणार.

दुसऱ्या दिवशी निखिल ऑफिसला गेल्याची खात्री करून त्यानं बेल दाबली. दार एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्यानं उघडलं.

"तुमी अप्पा न्हवं? निखिल साहेबांचे वडील?" ज्योतिबा एका दमात बोलला. "गाडीत बसू नका. कायबी झालं तरी बसू नका. स्टिअरिंग खालनं मोकळं ठेवायला लावलंय तुमच्या पोरानं. माज्याच हातानं केलंय मी."

म्हाताऱ्यानं दार पूर्ण उघडलं. बाजूला झाला. "आत या."

खिडकीपाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. एकीसमोरच्या टेबलाला ते स्टिअरिंग बोल्टनं पक्कं आवळलेलं होतं. अप्पा तिथं जाऊन बसले, गिअर टाकला, आणि दोन्ही हातांनी चक्र धरून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोपोली मागं पडली. आता घाट. काल निखिलनं इथंच चहाला थांबायला लावलं."

ज्योतिबाला सगळं उमगलं. गाडी नव्हतीच. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं, आणि पोरगा बिचारा बापाचं मन राखत होता. आपण त्याच्याबद्दल काय काय मनात आणलं! तो मान खाली घालून, पाय न वाजवता दाराकडे वळला.

"थांबा." अप्पांनी चक्र सोडलं. आवाज आता वेगळाच होता, अगदी जाग्यावरचा. "गाडी भंगारात गेली, ठाऊक आहे मला. पण निखिलला सांगू नका. त्याची आई गेल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी त्यानं हे चक्र इथं लावलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी शेजारी बसतो आणि लोणावळा येईपर्यंत बोलतो."