वेणीतली रिबीन

बांधावर काठी रोवून प्रणोतीनं तिला वेणीतली लाल रिबीन बांधली. "तात्या, ही आमच्या तुतीकडं उडाली की फवारणी बंद. मागच्या वेळी औषध पाल्यावर आलं नि आईच्या सगळ्या रेशीमअळ्या मेल्या."

"आता तू मला डाळिंब शिकवणार?" शेजारचे तात्या हसले.

"डाळिंब तुमचं, वारा माझा," म्हणत ती शाळेला पळाली.

संध्याकाळी परतली, तर काठीवर रिबीनच नव्हती. धावत शेडमध्ये शिरली, तर अळ्या मजेत पाला कुरतडत होत्या.

बाहेर पाहिलं, तर रिबीन तात्यांच्या डाळिंबात उंच बांबूवर फडकत होती.

"बांधावर दिसंना गं मला," तात्या म्हणाले. "वारा तुमच्याकडंच होता, पंप लावलाच नाही. दुसऱ्या वेणीतलीपण दे, त्या टोकाला बांधतो."